पाइप फुटला की झिरपला? घराच्या विम्यातल्या एका शब्दाबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद,
आणि घरांचा विमा उतरवणाऱ्या सर्व कंपन्यांचे दावा विभाग

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते. आमची इमारत १९९१ सालची, तळमजला अधिक चार मजले, चोवीस घरं. गेली नऊ वर्षं मी सोसायटीची सचिव आहे. तक्रारवही माझ्याकडेच असते आणि तिच्यातल्या बहुतेक तक्रारी पाण्याच्या आहेत. नळाला पाणी नाही, ही तक्रार क्वचित येते. भिंतीत पाणी आहे, छतात पाणी आहे, कपाटामागे बुरशी आली, रंग फुगला, पोपडे पडले, अशाच नोंदी पानोपानी आहेत. जूनपासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला मी कोणाच्या तरी घरी जाते, भिंतीला हात लावते आणि ओल कुठून आली असेल याचा अंदाज सांगते. त्यामुळे हा विषय मला जवळून माहीत आहे. तरी पत्र लिहायला बसले ते माझ्याच घरात घडलेल्या गोष्टीमुळे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या आतल्या खोलीत, कपाटाच्या मागे, तळहाताएवढा डाग दिसला. पावसाळ्यात डाग दिसला की आपल्याकडे सगळे एकच म्हणतात, पाऊस उघडू दे, मग बघू. आम्हीही तेच म्हणालो. गणपती झाले, नवरात्र झालं, डाग दरवाजाएवढा झाला. कपाटाची मागची फळी फुगली. सासूबाईंचा शालू खालच्या खणात होता, त्याच्या घड्यांवर काळे ठिपके आले. सासूबाईंना दमा आहे. त्यांची खाट त्याच भिंतीला होती, ती आम्ही बाहेरच्या खोलीत हलवली. दिवाळीत ऊन पडलं, बाहेरच्या सगळ्या भिंती वाळल्या आणि ही भिंत मात्र ओलीच राहिली. तेव्हा कळलं की हे पावसाचं पाणी नाही.

प्लंबरने वरच्या घराची पाण्याची लाइन दोन दिवस बंद ठेवली. डागाची कड पांढरट होऊ लागली. मग त्याने वरच्या काकूंच्या बाथरूमची भिंत फोडली. आत १९९१ सालचा लोखंडी पाइप होता, आणि जिथे तो वळतो तिथल्या एल्बोला नखाएवढी चीर होती. त्या चिरेपर्यंत पोहोचायला टाइल्सच्या तीन ओळी काढाव्या लागल्या. चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून पूर्ण भिंतीच्या टाइल्स बदलाव्या लागल्या. वरचा खर्च ४७ हजार. आमच्याकडे प्लास्टर, पुट्टी, रंग आणि कपाट मिळून ३९ हजार.

या सगळ्यात पाइपचा नवा तुकडा आणि एल्बो यांची किंमत हजार रुपयेसुद्धा नव्हती. बाकीचे पैसे गेले चीर शोधायला, तिथपर्यंत पोहोचायला आणि फोडलेलं पुन्हा जोडायला.

काकू ७४ वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, पेन्शनवर भागवतात. पाइप त्यांच्या घराच्या आतला होता. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये ही वाटणी स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळवाहिन्यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या संडास, बाथरूम, मोरीच्या पाइपांची गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने. गच्चीतून पाणी उतरून शेवटच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं, तर तेही सोसायटीकडेच. नियम चांगला आहे, मी तो अनेकदा वाचून दाखवला आहे. पण काकू जिना उतरून आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “माझं पाणी तुझ्या घरात येतंय गं, मला रात्री झोप लागत नाही.” तेव्हा मला उपविधी वाचून दाखवणं जमलं नाही. मी म्हटलं, “काकू, माझा विमा आहे, बघू.”

विमा खरंच होता. सचिव म्हणून मी इतरांना सांगत असते, म्हणून स्वतःही घेतला होता. वर्षाला १,६४० रुपये. पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’, म्हणजे तुमच्याच प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना सारख्या शब्दांत द्यायला लावलेली. ती आणलीत याबद्दल मी मनापासून आभारी आहे. त्याआधी घराला आगीची जुनी पॉलिसी घ्यावी लागे, आणि घराची रक्कम कमी लावली असेल तर दाव्यातही त्या प्रमाणात कपात होई. नव्या पॉलिसीत ती कपात गेली. घराची रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी सरळ निघते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. मलबा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, वास्तुविशारद-अभियंत्याच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. हे सगळं एका सामान्य घरमालकाचा विचार करून लिहिलेलं आहे, हे वाचताना जाणवतं.

त्या पॉलिसीत ज्या घटनांचं नुकसान भरून मिळतं त्यांची यादी आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल वगैरे. त्याच यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं हेही आहे. मी त्याच ओळीवर बोट ठेवून दावा केला.

विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारे सर्वेअर आले. पंधरा मिनिटं थांबले, मोबाइलवर फोटो काढले. वर चला म्हटलं तर गरज नाही म्हणाले. काकूंनी चिरलेला एल्बो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, तो त्यांनी पाहिलाच नाही. भिंतीतला ओलावा मोजायचं साधं मीटर मिळतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. नंतर पत्र आलं की नुकसान हळूहळू झिरपण्यामुळे झालेलं आहे, ते ‘फुटणे’ या व्याख्येत बसत नाही. ती व्याख्या मी माझ्या पॉलिसीच्या सगळ्या पानांवर शोधली. मला सापडली नाही.

कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. विमा लोकपालांकडे अर्ज केला आहे. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि दावा नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. वाचणाऱ्यांपैकी कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. माझ्या ३९ हजारांचं काय व्हायचं ते तिथे होईल. हे पत्र त्या एका शब्दासाठी आहे.

भिंतीच्या आतला पाइप फुटला की झिरपला, हे ठरवायचं कसं? तो फुटला तेव्हा कोणी पाहिलेलं नसतं. चीर एका क्षणात पडली असेल, टाकी भरताना दाब वाढून किंवा शेजारच्या घरात हातोडा चालल्यामुळे. पण चिरेतून आलेलं पाणी आधी भिंतीत मुरतं, विटा पितात, प्लास्टर पितं, मग स्लॅबच्या कडेने वाट काढत ते भलत्याच खोलीत दिसतं. बादली उपडी झाल्यासारखं पाणी भिंतीतून कधीच येत नाही. आत दडलेल्या पाइपचं फुटणं बाहेर झिरपण्याच्याच रूपात दिसतं. घटना क्षणाची आणि खूण तीन महिन्यांची, अशी ती गोष्ट आहे. खुणेकडे बघून घटना नाकारली, तर यादीतली ती ओळ उघड्यावरच्या पाइपांपुरती उरते. आणि आमच्याकडे पाइप उघड्यावर ठेवण्याची पद्धत जाऊन कितीतरी वर्षं झाली. बिल्डरने ते भिंतीत पुरले, आम्ही वर टाइल्स लावल्या.

काय भरून द्यायचं नाही, याबद्दलही मी स्पष्ट लिहिते, कारण सचिव म्हणून मला दुसरी बाजू रोज दिसते. गच्चीचा कोबा उखडला आहे, दोन सभांमध्ये ठराव झाला, पण पैसे गोळा होत नाहीत, आणि मग खालच्या घरात पाणी येतं. हा विम्याचा विषय नाही, हा आमचा आळस आहे. उपविधींनी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्का दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्का सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव ठेव, सांगितला आहे. आमच्याच सोसायटीत अनेक वर्षं तो नावापुरता जमा होत होता. खिडकीच्या कडेचं सिलंट गेलं, बाहेरच्या भिंतीला रंग लावून बारा वर्षं झाली, कपडे घरात वाळवले आणि खिडक्या बंद ठेवल्या म्हणून कोपऱ्यात बुरशी आली. यातलं काहीही कोणत्याही कंपनीच्या खिशातून जाऊ नये. तसं झालं तर हप्ता इतका वाढेल की काकूंसारख्यांना विमा परवडणारच नाही.

पण ही सगळी ओल एकच आहे असं समजून एका वाक्यात नाकारणं, हे मला पटत नाही. पावसाची ओल वेगळी, जमिनीतून चढणारी वेगळी, घरातल्या वाफेची वेगळी, पाइपची वेगळी. अनुभवी गवंडी हात लावून बऱ्याचदा ओळखतो. जमिनीतून चढलेली ओल खालून दोन-तीन फुटांवर थांबते आणि तिच्या कडेला लोणा लागतो. पश्चिमेच्या भिंतीची ओल झडीबरोबर वाढते आणि उघडीप मिळाली की कमी होते. पाइपची ओल पावसाळा बघत नाही. लाइन बंद करून बघणं, पाइपमध्ये दाब भरून बघणं, बाथरूममध्ये रंगीत पाणी साठवून बघणं, या चाचण्या कोणताही चांगला प्लंबर दिवसभरात करू शकतो. सर्वेअरने त्यातली एक तरी करावी, आणि केलेली त्याच्या अहवालात लिहावी. अहवालाची प्रत मागावी न लागता आम्हाला मिळावी. कारण न शोधता नाकारलेला दावा घरमालकाला एवढंच शिकवतो की विमा घेऊ नये. माझ्या इमारतीत ते आता सहा घरांना पाठ झालं आहे. मी कितीही सांगितलं तरी ते पॉलिसी घेणार नाहीत, आणि उद्या खरोखर भूकंप झाला, आग लागली, तर त्या घरांना कोणी नाही.

ओल म्हणजे रंगाचा प्रश्न, ही समजूतही जायला हवी. आमच्या इमारती सळई आणि काँक्रीटच्या आहेत. पाणी सळईपर्यंत पोहोचलं की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. काँक्रीट आतून फुटतं. आधी बारीक उभी चीर दिसते, मग ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, मग एक दिवस छताचा तुकडा खाली येतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. तीस वर्षांपुढच्या इमारतींना पालिका स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायला लावते ते याचसाठी. आणि माणसांचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दमा आणि श्वसनाच्या त्रासाशी असलेला संबंध लिहिला आहे. सासूबाईंचा दम्याच्या औषधाचा पंप त्या तीन महिन्यांत किती वेळा बदलला, हे मला तत्त्वं न वाचताही सांगता येईल.

आता चिपळूणची एक गोष्ट. माझी मावशी तिथे तळमजल्यावर राहते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तिच्या घरात ते माणसाच्या उंचीच्या वर गेलं. पूर तुमच्या यादीत आहे, त्यामुळे तिचा दावा मान्य झाला, फ्रिज, गाद्या, लाकडी सामान, दारं यांचे पैसे मिळाले, तेही फार न ताणता. भिंती मात्र तेव्हा धुऊन स्वच्छ दिसत होत्या. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती स्पंजासारख्या पाणी पितात आणि सोडायला महिने लावतात. पुढच्या मार्चमध्ये भिंती वाळू लागल्या, तेव्हा मीठ वर आलं आणि कमरेपर्यंतचं प्लास्टर हाताने सोलता येईल इतकं सुटलं. तोवर फाइल बंद झाली होती. मावशीने विचारलं तर उत्तर आलं की आता दिसतंय ती ओल आहे, पुराचं नुकसान नाही. ती ओल पुराचीच होती, दुसरी कुठून येणार? भिंतीवर जिथपर्यंत प्लास्टर सुटलं ती रेघ आणि जिथपर्यंत चिखल साचून राहिला होता ती रेघ जवळजवळ एकच होती.

म्हणून माझी विनंती आहे की पूर आणि वादळाच्या दाव्यात एक दुसरी भेट ठेवा. भरपाईचा पहिला हप्ता ताबडतोब द्या, तो लागतोच. पण भिंतींपुरती फाइल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवा. महाराष्ट्रातली भिंत एप्रिल-मेपर्यंत काय ते सांगून टाकते. हा नियम दिल्लीत किंवा हैदराबादमध्ये बसून सुचणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई-ठाण्यात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्या सगळ्यांना विचारा. भिंतींचं दुःख दिवाळीनंतर सुरू झालं होतं.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. भावाच्या आंब्याच्या बागेला हवामान आधारित फळपीक विमा आहे. अवकाळी पाऊस, तापमान, वारा यांच्या मर्यादा आधीच ठरलेल्या असतात, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद त्या मर्यादेबाहेर गेली की भरपाई ठरते. केंद्र कुठे बसवलं यावरून वाद होतात, योजना निर्दोष नाही. पण आंब्याच्या कलमांसाठी आपण पावसाची नोंद पुरावा म्हणून मानू शकतो, तर घरांसाठी का नाही? एखाद्या मंडळात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाऊस आणि वारा एकाच दिवशी नोंदला गेला, तर त्या दिवशी बाहेरच्या भिंतीतून आत आलेल्या पाण्यासाठी एक ठरावीक छोटी रक्कम, समजा प्लास्टर-रंगाच्या खर्चाइतकी, सर्वेअर न पाठवता देता येईल. कोणी तरी हा प्रयोग एका तालुक्यात करून पाहावा. आमचे आजोबा पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला नारळाची विणलेली झापं बांधायचे, दर वर्षी कौलं शाकारायचे. झड भिंतीपर्यंत पोहोचू नये म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या एवढं करत आली. त्याच झडीला विम्याच्या कागदात नाव असू नये, हे मला बरोबर वाटत नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी, थोडक्यात. भिंतीत लपलेल्या पाइपच्या गळतीसाठी एक जोड संरक्षण काढा. त्यात चीर शोधण्याचा, टाइल्स फोडण्याचा आणि त्या पुन्हा लावण्याचा खर्च असू द्या. हवी तर ५० हजारांची मर्यादा घाला, पहिले ५ हजार आमचे ठेवा, फुटलेला पाइप बदलण्याचा खर्चही आमचा. खालच्या घराचं नुकसान वरच्याच्या पॉलिसीतून भरता यावं, म्हणजे काकूंसारखं कोणी रात्रभर जागं राहणार नाही. ज्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट वेळेवर झालं आहे आणि गच्चीच्या कामाची पावती आहे, तिथल्या सभासदांना हप्त्यात सवलत द्या. माझ्या अनुभवात सर्वसाधारण सभेत गच्चीच्या कामाला हात वर होतात ते पैशाचा फायदा दिसला की. आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावर, मराठीत, ओल आणि गळती या शब्दांसकट लिहा की कोणतं पाणी भरून मिळेल आणि कोणतं नाही. गृहकर्जाबरोबर अनेकांच्या गळ्यात अनेक वर्षांचा हप्ता एकदम कर्जात मिसळून बांधला जातो. माझ्याच इमारतीत तिघांना आपल्या घराचा विमा आहे हेच माहीत नव्हतं.

हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर उठला, तेव्हा घराचा विमा मागे राहिला. तुम्ही शिफारस केली तर तिला वजन असेल.

माझी पॉलिसी १४ मे रोजी संपते. मी ती पुन्हा घेणार आहे, कारण आगीची आणि भूकंपाची भीती खरी आहे. त्याआधी मला एवढं लेखी हवं आहे की काकूंच्या भिंतीतला तो पाइप तुमच्या नियमाप्रमाणे फुटला होता की नाही. आतल्या खोलीची भिंत आम्ही प्लास्टर करून ठेवली आहे, रंग अजून लावलेला नाही. एल्बो वर्तमानपत्रात तसाच आहे, आता तो माझ्याकडे आहे. कोणाला यायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर मी घरी असते, आणि वरच्या काकू दिवसभर.

आपली विश्वासू,
ठाण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीची सचिव